नोंद, वर्दी आणि हाक : दूरसंचारातील वीजबचतीचा एक इतिहास

पावसाचे, जमिनीतील ओलीचे अथवा विहिरीच्या पाण्याचे मोजमाप करणारे स्वयंचलित यंत्र काही काळ संदेश पाठवीनासे झाले, म्हणजे परभणी जिल्ह्यातील गावांत लोक एवढेच म्हणतात की, ‘यंत्र बंद होते.’ कचेरीच्या कागदावरही बहुधा हेच तीन शब्द उमटतात. परंतु या विधानाला निदान तीन अर्थ संभवतात. यंत्राने मोजमापच केले नसेल. किंवा मोजमाप केले, पण ते कळविले नसेल. किंवा कळविले, पण मध्यंतरी वरून आलेली आज्ञा त्याला ऐकू गेली नसेल. या तीन क्रियांना मराठीत तीन स्वतंत्र शब्द उपलब्ध आहेत : नोंद, वर्दी आणि हाक. मोबाईल जाळ्यावर चालणाऱ्या, बॅटरीवर जगणाऱ्या उपकरणांच्या वीजबचतीचा इतिहास म्हणजे या तीन क्रिया क्रमाक्रमाने एकमेकींपासून कशा अलग झाल्या याचा इतिहास होय, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

नोंद आणि वर्दी यांची फारकत ही विजेच्या युगाची निर्मिती नव्हे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. पुढे तालुक्याच्या कचेऱ्यांतून पर्जन्यमापके बसली आणि सकाळी ठराविक वेळी, म्हणजे आजच्या प्रमाणवेळेनुसार साडेआठ वाजता, मागील २४ तासांचा पाऊस मोजण्याचा प्रघात पडला. पर्जन्यमापकाचे नरसाळे रात्रंदिवस उघडे असे. पाऊस त्यात साठत राही. कारकून मात्र दिवसातून एकदाच बाटलीपाशी जाई, आकडा वहीत लिही आणि तो वरिष्ठांकडे धाडी. कारकून रात्रभर झोपला म्हणून रात्रीचा पाऊस वाया जात नसे. नोंद अखंड, वर्दी ठरल्या वेळी, आणि हाकेची गरज जवळजवळ नाही, अशी ही व्यवस्था होती. तिला फारसा खर्च लागत नसे, आणि त्याचे कारण तिच्या या रचनेतच होते. वीजबचतीचे जे तत्त्व पुढे अभियंत्यांनी मोठ्या प्रयासाने सिद्ध केले, ते या साध्या व्यवस्थेत बीजरूपाने आढळते.

हाकेची गोष्ट मात्र निराळी आहे. हाक केव्हा येईल हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून ज्याला हाक ऐकावयाची आहे, त्याला जागे राहावे लागते. गावगाड्यात रात्री राखण करणाऱ्याला ‘जागल्या’ म्हणत. त्याच्या कामाचे सारे मोल त्याच्या जागेपणात होते. बिनतारी यंत्राच्या बाबतीत जागे राहणे म्हणजे ग्रहणयंत्रणा चालू ठेवणे, आणि ती चालू ठेवणे म्हणजे बॅटरी झिजविणे. सबब वीजबचतीचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला तो हाकेच्या संदर्भात.

२

या प्रश्नाचे पहिले व्यापक उत्तर पेजर या उपकरणाने दिले. येथे शब्दाचा इतिहासही बोधप्रद आहे. मोठ्या हॉटेलांतून गणवेशधारी पोऱ्या पाहुण्याचे नाव पुकारीत फिरे. त्या पोऱ्याला इंग्रजीत ‘पेज’ म्हणत, आणि त्यावरून नाव पुकारण्याच्या क्रियेलाही तेच नाव पडले. पेजर म्हणजे केवळ पुकारा ऐकणारे यंत्र. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने तयार झालेली आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेली ‘पॉक्सॅग’ ही संकेतपद्धती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तीत प्रत्येक प्रक्षेपणाच्या प्रारंभी एक व शून्य यांची आलटून पालटून ५७६ चिन्हे पाठविली जात. सेकंदाला ५१२ चिन्हे या मूळ गतीने त्यास सव्वा सेकंदाहून थोडा कमी वेळ लागे. पेजरने सुमारे एका सेकंदाने क्षणभर कान टवकारला तरी ही नांदी त्याच्या कानी पडे. त्यापुढील संदेशगटाचे आठ भाग पाडलेले असत, आणि पेजरच्या क्रमांकावरून त्याचा भाग निश्चित होई. आपला भाग आला की ऐकावयाचे, उरलेल्या सात भागांत स्वस्थ राहावयाचे. या युक्तीमुळे एका लहानशा सेलवर पेजर कित्येक आठवडे चाले.

भारतात पेजर आले ते १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास, आणि मोबाईल स्वस्त होताच काही वर्षांत अस्तंगत झाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण करून देशातील मोबाईल सेवेचा प्रारंभ केला. उपकरण बदलले, पण युक्ती तीच राहिली. जीएसएम पद्धतीत दूरध्वनींचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाने आपल्या वेळीच कान द्यावयाचा असतो. दोन श्रवणांमधील अंतर सुमारे अर्ध्या सेकंदापासून सुमारे दोन सेकंदांपर्यंत ठेवता येते. चौथ्या पिढीच्या जाळ्यात ते ०.३२ पासून २.५६ सेकंदांपर्यंत असते. यास ‘खंडित ग्रहण’ म्हणता येईल. ही मर्यादा इतकी आखूड का, याचे उत्तर तांत्रिक नसून मानवी आहे. फोन करणारा माणूस पलीकडची घंटा वाजण्यासाठी दोन-तीन सेकंदांहून अधिक काळ ताटकळत नाही. म्हणजे माणसाच्या धीरावरून यंत्राच्या डुलकीची लांबी ठरली.

३

यानंतर जाळ्यावर माणसांबरोबर वस्तूही आल्या. भारत सरकारने २०१८ मध्ये यंत्रायंत्रांतील संपर्कासाठी १३ अंकी क्रमांकांची योजना अमलात आणली. माणसांचे क्रमांक १० अंकीच राहिले. पाणीमापकाला किंवा ओलमापकाला फोन करून कोणी ताटकळत बसत नाही. मग त्याने दोन-दोन सेकंदांनी कान का द्यावा, हा प्रश्न सहजच उद्भवला.

प्रारंभीची तोड अशी होती की काम संपताच संपर्कयंत्र सर्वस्वी बंद करावे आणि पुढील वेळी पुन्हा सुरू करावे. परंतु प्रत्येक वेळी जाळे शोधणे, आपली ओळख पटविणे, नव्याने नाव दाखल करणे या सोपस्कारातच पुष्कळ वीज खर्ची पडे. जी वाचविली ती पुन्हा प्रवेशशुल्कात गेली, असा हा व्यवहार होता.

मोबाईल जाळ्यांचे आंतरराष्ट्रीय संकेत ठरविणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या संयुक्त मंडळाने आपल्या बाराव्या संहितेत यावर तोडगा काढला. ती संहिता मार्च २०१५ मध्ये कायम झाली. तीत ‘पीएसएम’ ही वीजबचत अवस्था आली. तिचे मर्म असे की यंत्र ग्रहण व प्रक्षेपण दोन्ही थांबविते, परंतु पटावरील त्याचे नाव जाळे खोडीत नाही. त्यामुळे पुनःप्रवेशाचे सोपस्कार टळतात. यंत्र जाळ्याकडे दोन मुदती मागते. एक, वर्दी दिल्यावर काही काळ हाकेसाठी थांबण्याची. ही जास्तीत जास्त १८६ मिनिटे असू शकते. दुसरी, स्वतः होऊन पुन्हा हजेरी लावण्याची; ती तत्त्वतः ४१३ दिवसांपर्यंत नेता येते. या दोन मुदतींच्या मधल्या काळात यंत्राला कोणीही हाक मारू शकत नाही. यंत्राला स्वतःस काही कळवावयाचे असेल तर मात्र ते केव्हाही उठून बोलू शकते. येथे ‘झोप’ हे रूपक फसवे ठरते. झोपलेल्या माणसाला हाक मारून उठविता येते. या यंत्राला नाही. ते आतून कडी घालून बसलेल्या माणसासारखे आहे. दार तोच उघडील, आणि आपल्या वेळी उघडील.

पुढील तेराव्या संहितेत, म्हणजे २०१६ मध्ये, मधला मार्ग निघाला. ‘ईडीआरएक्स’ या नावाने खंडित ग्रहणाचीच मर्यादा वाढविण्यात आली. यंत्रांसाठी त्याच संहितेत सिद्ध झालेल्या दोन सेवांपैकी ‘एलटीई-एम’मध्ये दोन श्रवणांतील अंतर सुमारे ४४ मिनिटांपर्यंत, तर ‘एनबी-आयओटी’मध्ये सुमारे २ तास ५५ मिनिटांपर्यंत वाढविता येऊ लागले. यास ‘विरळ श्रवण’ म्हणावे असे आम्ही सुचवितो. वीजबचत अवस्थेत हाक बंद होते. विरळ श्रवणात ती उशिरा पोहोचते. हा भेद केवळ प्रमाणाचा नसून प्रकाराचा आहे.

बचतीचे मान एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९ अँपिअर-तास क्षमतेचा एक लिथियम सेल घ्या. संपर्कयंत्र सरासरी १ मिलिअँपिअर प्रवाह घेत कान देऊन बसले, तर तो १९,००० तासांत, म्हणजे सुमारे ७९१ दिवसांत संपेल. तेच यंत्र वीजबचत अवस्थेत ५ मायक्रोअँपिअरवर राहिले, तर गणिताने उत्तर येते ४३३ वर्षे. हे उत्तर अर्थातच कागदावरचे आहे. सेल आपोआपही झिजतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला की अधिक वेगाने झिजतो. परंतु त्यावरून एवढे निश्चित होते की या अवस्थेत बॅटरीचे आयुष्य निद्रेवर अवलंबून राहत नाही; वर्दी किती वेळा द्यावयाची, यावर ते अवलंबून राहते.

४

आता हा विचार परभणीच्या भूमीवर आणून पाहू. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील या जिल्ह्यात शेतीसाठी वापरात आलेल्या तीन प्रकारच्या यंत्रांची तुलना उद्बोधक ठरेल.

पहिले यंत्र पंपाचे. शेतीपंपांना पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री वीज मिळत आल्याने शेतकऱ्याला अंधारात विहिरीवर जावे लागे. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे उपकरण मोबाईलवरून पंप सुरू व बंद करण्याची सोय देते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याचा गौरव झाला. या यंत्राचे सर्वस्व हाकेत आहे. त्याला वीजबचत अवस्थेत ठेवणे म्हणजे त्याचा हेतूच नष्ट करणे होय.

दुसरे यंत्र निरीक्षण विहिरीचे. काळ्या पाषाणाच्या या प्रदेशात भूजलाची पातळी पाहण्यासाठी माणसाने वर्षातून चार वेळा विहिरीवर जाऊन फीत सोडावी, अशी रीत होती. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून देशात ठिकठिकाणी पातळी स्वतः नोंदविणारी व दुरून कळविणारी यंत्रे बसली. अशा यंत्राला हाकेची गरज क्वचितच. नोंद दिवसातून काही वेळा, वर्दी एकदा पुरे. वीजबचत अवस्था जणू अशाच यंत्रासाठी निर्माण झाली आहे.

तिसरे यंत्र पावसाचे, आणि खरा पेच येथे आहे. ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. ती सौर पट्टीवर व बॅटरीवर चालतात आणि वारंवार वर्दी देतात. सबब दीर्घ निद्रा त्यांना मानवणारी नव्हे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, या निकषाशी पीकनुकसानीची भरपाई निगडित आहे. ६४ आणि ६६ यांतील अंतर शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन मिलिमीटरांचे नसते. ते वर्षभराच्या संसाराचे असते. ज्या रात्री पाऊस कोसळतो, त्याच रात्री आकाश झाकोळलेले, सौर पट्टी निरुपयोगी आणि मोबाईल मनोराही बंद पडण्याचा संभव अधिक. अशा वेळी ‘यंत्र बंद होते’ हे उत्तर पुरेसे नाही. वर्दी बंद होती की नोंदच बंद होती, हे विचारलेच पाहिजे. पर्जन्यमापकातील लहानशी पात्रे पावसाने उलटतात. त्या उलटण्यांची मोजदाद ठेवण्यास अत्यल्प वीज पुरते. म्हणून संपर्कयंत्र मौन असले तरी नोंद टिकविणे शक्य असते, आणि ती नंतर मिळविता येते. उशिरा आलेली वर्दी ही वर्दीच होय. न झालेल्या नोंदीला मात्र उपाय नाही.

५

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. पेजरने आणि प्रारंभीच्या मोबाईलने हाक ऐकण्याचा खर्च कमी केला, पण हाक सोडली नाही. वीजबचत अवस्थेने हाक सोडून वर्दी स्वस्त केली. विरळ श्रवणाने हाक उशिरा का होईना परत आणली. या सर्व स्थित्यंतरांत नोंद कोठेही सोडावी लागत नाही. तरीही व्यवहारात ती हरवते, कारण तिचे नाव आपण वेगळे घेत नाही.

यंत्रखरेदीच्या कागदपत्रांत बॅटरी किती वर्षे टिकावी एवढेच लिहिणे अपुरे आहे. जाळ्याकडे मागितलेली मुदत आणि जाळ्याने दिलेली मुदत एकच असेल असे नाही. म्हणून प्रत्यक्ष मिळालेली मुदत कोणती, वर्दीला किती विलंब चालेल, हाक ऐकली जावी की नाही, आणि संपर्क तुटल्यावर नोंद किती दिवस राखली जावी, या चार गोष्टी स्वच्छ मराठीत लिहिल्या पाहिजेत. परिभाषा बनविणाऱ्यांचेही यात कर्तव्य आहे. ‘निद्रा’, ‘सुप्तावस्था’ असे शब्द कोशात घातल्याने अर्थबोध होत नाही. कोणती क्रिया थांबली आणि कोणती चालू राहिली, हे शब्दानेच सांगितले पाहिजे. तसे शब्द आपल्या गावगाड्याने पूर्वीच घडवून ठेवलेले आहेत. ते वापरात आले, तर भरपाईसाठी कचेरीच्या दारी उभा राहिलेला शेतकरी ‘यंत्र बंद होते’ एवढ्यावर परत फिरणार नाही. वर्दी आली नाही हे समजले, आता नोंद दाखवा, असे तो विचारू शकेल.