चावी खिशात, करंट चालू

1999 ते 2009 या काळात फोर्ड कंपनीने एका बोटभर स्विचपायी 1 कोटी 40 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. ऑक्टोबर 2009च्या 45 लाखांच्या खेपेत एफ-53 चासीवर बांधलेल्या जुन्या मोटरहोमही, म्हणजे चाकांवरची घरंही, होती. खालची रात्र कुण्या एका गाडीची नाही. बिघाड ज्या क्रमाने वाढतो तो क्रम अमेरिकेतल्या एका घराच्या अंगणात, घड्याळावर बसवून पाहिला आहे.

संध्याकाळी 5.00. लांब उतार. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी यंत्रणा) चालू आहे, पुढे ट्रक आला म्हणून ब्रेक जोरात दाबला जातो. ब्रेकच्या हायड्रॉलिक लाइनवर बसवलेला स्विच क्रूझचा करंट तोडतो. त्याचं काम एवढंच: पेडलजवळचा नेहमीचा स्विच दगा देईल तेव्हा हा दुसरा हजर असावा. म्हणजे लावला तो सुरक्षेसाठीच! आत एका बाजूला ब्रेक ऑइलचा दाब, दुसऱ्या बाजूला विजेचे टर्मिनल, मध्ये कॅप्टॉन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पडदा. वर्षानुवर्षं दाब खाऊन त्या पडद्याला चीर गेली आहे. थेंबभर ऑइल पलीकडे उतरतं.

6.30. गाडी गॅरेजच्या भिंतीला लागून उभी राहते. चावी खिशात जाते. उतरताना मालक दाराजवळचं बॅटरी डिस्कनेक्टचं बटण न विसरता दाबतात. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, सगळं गप्प. पण मोटरहोमला बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. घराची बॅटरी वेगळी, चासीची वेगळी. इंजिन चालू असताना रिले दोन्ही जोडतो, बंद झालं की त्या सुटतात. दारातलं बटण अनेक गाड्यांत फक्त घराची तोडतं. चासीच्या बॅटरीवरून हॉर्न, ब्रेक लाइट आणि हा स्विच यांना करंट मिळत राहतो. मोटरहोमवाल्यांचा जीव घराच्या बॅटरीत. तिचं पाणी बघतील, टर्मिनल पुसतील. चासीची आठवण स्टार्टर कण्हला तरच.

टेस्ट लॅम्पची एक पिन बॉडीला आणि दुसरी स्विचच्या कनेक्टरला लावली असती तर चावी नसतानाही दिवा पेटलेला दिसला असता.

9.00. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. त्या ओलीत जिवंत टर्मिनल कुजायला लागतं आणि स्विचच्या लोखंडी षट्कोनी अंगापर्यंत गंजाची वाट तयार होते. ते अंग ब्रेक लाइनमार्फत चासीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं. सर्किट पूर्ण झालं आहे.

11.30. आता एक अॅम्पिअर वाहतोय असं धरू. उभ्या गाडीचा करंट एरवी 50 मिलिअॅम्पिअरच्या आसपास असावा, त्याच्या वीसपट. बॅटरीवर व्होल्टमीटर लावला तर तो 12.5 दाखवेल आणि मेकॅनिक म्हणेल, बॅटरी उत्तम आहे. करंट मोजायचा तर निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर घालावा लागतो. तो खटाटोप बॅटरी दोनदा उतरल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.

1.40. दहा अॅम्पिअर. बारा व्होल्टला गुणा, 120 वॉट झाले. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, आणि इथे ही सगळी उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत कोंडली आहे. फ्यूज? सर्किटला 15 अॅम्पिअरचा असेल तर तो दहावर स्वस्थ बसणार, आणि त्यात त्याची चूकही नाही. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. वायरच्या टोकाला काय तापतंय ते त्याला कळत नाही. त्याला हवा थेट शॉर्ट. इथे वाटेतला गंजच रेझिस्टन्स होऊन करंट आवरतोय.

2.05. स्विचचं प्लॅस्टिकचं बूड पेटतं. ब्रेक ऑइलही जळणारं, ते गळत राहतं.

2.15. एफ-53चं इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधोमध, झाकणाखाली असतं. धूर थेट गाडीतल्या दिवाणखान्यात. पुढे प्लायवूड, फोम, पडदे.

2.25. पुढची काच फुटते. टायर पेटतात.

2.40. गाडीतल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, ज्वाळा गॅरेजच्या छपराला लागतात. घरातली माणसं मागच्या दाराने बाहेर.

सकाळी 9.00. तपासनीस राखेतून तो षट्कोनी तुकडा उचलतो. कंपनीने पुढे जो उपाय दिला तो कमी क्षमतेचा फ्यूज असलेली जोडवायर मध्ये बसवण्याचा होता. सुटे भाग पोहोचेपर्यंत 2007 साली डीलरना सांगितलं होतं की स्विचचा कनेक्टर नुसता काढून ठेवा. गाडी चालते, ब्रेक लागतात, फक्त क्रूझ कंट्रोल चालत नाही.