सीलाकँथ

सीलाकँथ (लॅटिमेरिया कॅलुम्नी) : पश्चिम हिंदी महासागराच्या खोल पाण्यात राहणारा, मांसल परांचा सागरी मासा [→ अस्थिमत्स्य].

उगम : सीलाकँथ गटाचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत [→ जीवाश्म]. गट ६.६ कोटी वर्षांपूर्वी निर्वंश झाला असे मानले जाई; मात्र डिसेंबर १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक मासा जाळ्यात सापडला. मार्जरी कोर्टने-लॅटिमर यांनी तो जतन केला, जे. एल. बी. स्मिथ यांनी १९३९ मध्ये त्याचे नामकरण केले. इंडोनेशियातील दुसऱ्या जातीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वैशिष्ट्ये : लांबी २ मी.पर्यंत, रंग निळा, त्यावर पांढरे ठिपके. देठयुक्त पर पोहताना आळीपाळीने हलतात. पाठीत मणक्यांच्या माळेऐवजी द्रवाने भरलेली पृष्ठरज्जूची नळी असते. मुस्कटातील इंद्रियाला विद्युत् क्षेत्र जाणवते. अंडी मादीच्या पोटातच उबतात.

अधिवास : कोमोरो बेटांलगत दिवसा साधारणतः १५०–२५० मी. खोलीवरील लाव्हाच्या गुहांत अनेक मासे एकत्र विसावतात. रात्री ते बाहेर पडून मासे व माकूळ खातात.

महत्त्व : चतुष्पाद प्राण्यांच्या उगमाच्या अभ्यासात या माशाला स्थान आहे [→ क्रमविकास, फुप्फुसमीन]. ही जाती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.