काच आणि काकडी

वैशाखात माझी अम्मी मिरचीच्या रोपांवर जुनी ओढणी बांधायची, ऊन अडवायला. पुढे बी.ए.ला असताना वाचलं, की याच दिवसांत इंग्लंडातले लोक रोपं काचेखाली ठेवतात, ऊन धरून ठेवायला. तेव्हा हसू आलं होतं.

गोष्ट जुनी आहे. रोमचा सम्राट टायबेरियस याला रोज काकडी लागे. त्याच्या माळ्यांनी वाफ्यांना चाकं लावली होती. ऊन असलं की वाफे बाहेर, गारठा पडला की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली. पहिल्या शतकातल्या प्लिनीने हे नोंदवलंय. चाकं ढकलणाऱ्यांची नावं मात्र त्याने लिहिली नाहीत.

इंग्लंडातही काचघर बराच काळ बड्यांच्याच बागेत राहिलं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे काचेवर कर होता, तोही वजनावर. उजेडावरच कर म्हणा ना! १८४५ साली तो उठला. १८५१ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने, हा मूळचा माळी बरं का, लंडनमध्ये सुमारे ३ लाख तावदानांचा क्रिस्टल पॅलेस रचला. काच स्वस्त होत गेली, तशी साध्या घरांच्या परसातही पोचली.

मे महिन्यातसुद्धा तिथे एखाद्या रात्री हिम पडून कोवळी रोपं करपतात. म्हणून टोमॅटो, काकडी आधी काचेखाली पेरतात. मग रोपांना दिवसा थोडा वेळ बाहेरची हवा दाखवायची, संध्याकाळी परत आत. टायबेरियसच्या माळ्यांचंच काम हे, फक्त इथे काकडी पेरणाऱ्याच्याच ताटात येते. आठ-दहा दिवस असं केलं, की रोप मोकळ्या वाफ्यात जातं.