पितळेच्या गुंडापासून स्टीलच्या डब्यापर्यंत



राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आपण सर्वांनी शाळेत थोडाबहुत वाचला आहे. स्वयंपाकघरातील मांडणीचा इतिहास मात्र आपल्याला कोणी शिकवला नाही. मांडणीवरचे पितळ हळूहळू खाली उतरले, स्टील वर चढले. मधल्या काळात चिनी मातीची बरणी आणि इनॅमलची थाळी येऊन बसली. हा बदल नुसत्या चकाकीचा नव्हे. बाईला कष्ट किती पडावेत, तिच्या नावाचे धन किती असावे, आणि तिच्या दारी आलेल्या माणसाला पाणी कशातून मिळावे, हे सारे त्याबरोबर बदलले. वर्धापनदिनाच्या या अंकात त्याचा थोडा हिशेब मांडते.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करावा लागेल. भंडारा हे नावच मुळी भांड्यावरून पडले असे सांगतात. भाणा म्हणजे पितळेची थाळी, त्यावरून भाणारा आणि पुढे भंडारा. रतनपूरच्या कलचुरी राजांच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भाणारा हे नाव आढळते. पुढे भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांनी नाव कमावले आणि गावाला पितळनगरी म्हणू लागले. गुंड, गंज, कोपर, परात, गडवा यांवाचून आपल्याकडे लेकीचे लग्न पार पडत नसे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिलाफ. धातू देखणा, टिकाऊ, पण घरच्या बाईकडून सेवा करून घेणारा. त्यात ताक, चिंच, आमसूल पडले की पदार्थ कळकतो, कारण आंबटाने तांबे सुटून अन्नात उतरते. म्हणून कल्हई. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकून घासायचे आणि कथिलाचा हात आतून फिरवायचा. ही कल्हई झिजली की पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. बाहेरून चिंच आणि राख लावून रोज घासायचे ते वेगळेच. हिवाळ्यात पहाटे त्या राखेने बोटांना भेगा पडत, हे आपल्या आयांच्या हातांनी आपण पाहिले आहे.

तरीपण पितळेचा एक गुण विसरता येत नाही. आहेराच्या भांड्यावर बाईचे नाव कोरलेले असे. शेतीच्या सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही, तिचे नाव गुंडाच्या गळ्यावर होते. पीक बुडाले, घरात आजारपण आले, तर तेच भांडे गहाण पडे किंवा मोडीत जाई आणि रोख पैसा हाती येई. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. त्याआधी कितीतरी बायकांची हातातली मालमत्ता म्हणजे दागिने आणि ही भांडीच.

आता चिनी माती. बारीक पांढरी माती भट्टीत कडक भाजून तिच्यावर काचेसारखा लुकण चढवला की बरणी तयार होते. खुर्जा आणि थानगड येथला असा माल देशभर जातो. आपल्या विदर्भातही चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीविचाराच्या कारागिराने ग्रामोदय संघ काढून कुंभारांना नवी भांडी घडविण्याचे शिक्षण दिले. जुन्या घरांत मात्र चिनी मातीला सोवळ्यात जागा नव्हती. धातू राखेने, अग्नीने शुद्ध होतो, माती होत नाही, अशी समजूत. लोणच्याच्या बरणीला तेवढी सवलत मिळाली, कारण मीठ आणि आंबट तिच्याइतके कोणी सांभाळत नाही.

इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसविलेली काच. काचेची भुकटी पत्र्याला लावून सुमारे ८०० अंश उष्णतेच्या भट्टीत घातली की ती वितळून पत्र्याला घट्ट धरते. जयपूरच्या दागिन्यांवरील मीनाकारी हीच विद्या, फक्त तिथे पत्र्याऐवजी सोने-चांदी. युरोपात एकोणिसाव्या शतकात अशी भांडी कारखान्यांतून निघू लागली आणि निळ्या काठाचे पांढरे मग, थाळ्या, तसराळी आपल्याकडेही आल्या. हलकी, स्वस्त, कल्हई नको. पण हातून पडले की टवका उडतो आणि उघड्या लोखंडाला गंज लागतो.

इथे एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. चिनी मातीची कपबशी आणि इनॅमलचा मग ही अनेक गावांत माणसे वेगळी ठेवण्याची साधने झाली. अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी चहाच्या दुकानात निराळी कपबशी बाहेर ठेवलेली असे आणि ती ज्याची त्याने विसळून ठेवावी लागे. घरच्या मांडणीतही मजूरबाईचा मग कोपऱ्यात वेगळा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्यात ते पराभूत झाले. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, अस्पृश्यता अपराध कायदा झाला. त्या कायद्यात हॉटेल, धर्मशाळा येथील भांडी वापरू न देणे हा स्पष्ट गुन्हा ठरविला आहे. भांड्यासाठी कायदा करावा लागला, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावे. कारण घरातली भांडी कोणी निराळी ठेवायची, हे तिथे ठरत नव्हते. ते आपल्या हातात होते आणि आजही आहे.

मग आले स्टेनलेस स्टील. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हा गृहस्थ बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारे पोलाद शोधीत होता. १९१३ साली त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद केले. ते गंजत नाही असे दिसताच त्याच्या सुऱ्या निघाल्या. क्रोमियममुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो, ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, म्हणून गंज चढत नाही. भारतात १९५० नंतर ही भांडी शहरांतून पसरली. तामिळनाडूत सेलम येथे सरकारी कारखाना १९८१ साली सुरू झाला. बोहारणीच्या टोपलीतून आणि मोडीच्या बदल्यातून स्टील खेड्यापर्यंत पोचले.

या स्टीलचे आपल्या तुमसर तालुक्याशी नाते आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून मॅंगनीज निघते. १९६२ साली स्थापन झालेल्या व आज मॉइल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीच्या या खाणी. पोलाद करायला मॅंगनीज लागतेच. शिवाय निकेल हा धातू महाग, म्हणून स्वस्त प्रकारच्या स्टीलमध्ये त्याचा बराच भाग काढून मॅंगनीज घालतात. उत्तम भांड्याच्या स्टीलला ३०४ क्रमांक असतो. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल. मॅंगनीजच्या २०० मालिकेतील स्टील तितके गंजरोधक नसते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो, पण चुंबक या दोहोंनाही सहसा चिकटत नाही. तेव्हा चुंबकावर न जाता भांड्यावरचा क्रमांक आणि आयएसआय मुद्रा पाहावी. केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी स्टीलच्या भांड्यांना ही मुद्रा सक्तीची करण्याचा आदेश काढला.

आता कोणते भांडे कशाला, ते थोडक्यात. रोजचा स्वयंपाक, दूध, पाणी, डबा यांना स्टील. ते उष्णता सावकाश पसरविते, म्हणून दूध आणि खीर जाड बुडाच्या गंजात, मंद आचेवर. स्टीलमध्ये ओले मीठ वा लोणचे साठवू नये, बारीक खड्डे पडतात. लोणचे, मीठ, चिंच यांना बरणी. मात्र रंगीबेरंगी शोभेच्या मातीच्या भांड्यात आंबट ठेवू नये, काही लुकणांत शिसे असते आणि ते आंबटाने सुटते. बरणी चुलीवर ठेवायची नसते, गार बरणीत उकळते ओतायचेही नसते. इनॅमलमध्ये आंबट शिजवले तरी चालते, पण आतून टवका उडालेले भांडे स्वयंपाकातून काढावे.

काढलेले ते भांडे फेकू नये. छंदाच्या कामाला ते उपयोगी पडते. फाल्गुनात आपल्याकडे पळस फुलतो. त्या फुलांचा रंग काढायला स्टील किंवा अभंग इनॅमल उत्तम, कारण ती रंगात ढवळाढवळ करीत नाहीत. लोखंडी कढईत तोच रंग मळकट होतो, हिरड्याचा काढा तर काळाच पडतो. कोशाचे सूत रंगविणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवावा. टवक्याच्या इनॅमलमध्ये मेण वितळवावे, खळ करावी, गडद रंग शिजवावेत. पण तुरटी-मोरचूद पडलेले भांडे पुन्हा अन्नाला वापरू नये. चिनी मातीच्या वाट्या रंग कालवायला चांगल्या, कारण डाग धरत नाहीत.

असा हा हिशेब. स्टीलने आपले हात राखेतून सोडविले, कल्हईची वाट पाहणे संपविले आणि एकाच प्रकारचा पेला सर्वांच्या हाती देण्याची सोय केली. ही जमेची बाजू मोठी आहे. पण त्याच्या मोबदल्यात आपण आयांच्या नावाचे पितळ वजनावर देऊन टाकीत आहोत, आणि स्टीलला मोडीत पितळेइतका भाव येत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच की जुना गुंड तराजूत टाकण्यापूर्वी त्याच्यावरचे नाव व साल वाचून वहीत उतरून घ्यावे. प्रत्येकीने आपल्या घरची दोन-चार नावे आणली, तरी पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत गावच्या आज्या-पणज्यांची एक यादी छापता येईल. त्यांची नावे दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेली नाहीत.