लघुकोन क्ष-किरण प्रकीर्णन

सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकारमानाचे कण, छिद्रे किंवा थर पदार्थात कसे वसले आहेत, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधण्याची पद्धत. प्रयोगशाळांत ती ‘सॅक्स’ या नावाने ओळखली जाते.

रचना जितकी मोठी, तितके किरण मूळ शलाकेच्या निकट वळतात. तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीतील ०.१५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण वापरले, तर १० नॅनोमीटर अंतराने पुन्हा पुन्हा येणारी मांडणी सुमारे ०.९ अंशावर उमटते; १०० नॅनोमीटरची ०.१ अंशाच्याही आत. थेट शलाकेला इतका खेटून असलेला क्षीण संकेत वेगळा काढणे, हेच या तंत्रातले खरे कसब. त्यासाठी शलाका बारीक व समांतर करतात, किरणमार्ग निर्वात ठेवतात आणि शोधकासमोर थेट शलाका धातूच्या लहान तुकड्याने अडवतात.

कोलॉइडी द्रावणांतील असे प्रकीर्णन १९३० च्या सुमारास भारतीय संशोधक पी. कृष्णमूर्ती यांनी नोंदवले होते. पद्धतीचा पाया मात्र फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए यांनी घातला. ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातू काही काळ ठेवल्यावर कठीण होतो, हे १९०६ पासून माहीत होते. कारण उमगत नव्हते. १९३८ मध्ये गिनिए आणि स्वतंत्रपणे ब्रिटनमधील जी. डी. प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले, की तांब्याचे अणू अतिसूक्ष्म चकत्यांच्या रूपात गोळा होतात. पुढे १९५१ मध्ये ऑस्ट्रियातील गुंटर पोरोड यांनी कोनानुसार बदलणाऱ्या तीव्रतेच्या वक्राच्या शेपटीवरून पृष्ठक्षेत्रफळ काढण्याचा नियम दिला.

वक्राच्या अगदी सुरुवातीच्या भागावरून कणाची घूर्णन त्रिज्या, म्हणजे त्याच्या आकारमानाचे एक माप, मिळते. सच्छिद्र सिलिकेसारख्या सुव्यवस्थित पदार्थात शिखरे दिसतात. त्यांची स्थाने १ : √३ : २ या प्रमाणात असतील, तर छिद्रांची मांडणी षट्‌कोनी आहे असे समजते.

वाचनात सावधगिरी हवी. शून्य कोनाजवळची तीव्रता घनफळाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे गोल कणाच्या बाबतीत त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार वाढते. त्यामुळे १० नॅनोमीटर त्रिज्येचा एक कण २ नॅनोमीटरच्या १५,६२५ कणांइतका उजळतो. मूठभर मोठे कण बाकीच्यांना झाकून टाकतात. शिवाय प्रकीर्णन इलेक्ट्रॉन घनतेतील फरकाच्या वर्गावर अवलंबून असते. फरकाचे चिन्ह त्यात हरवते. म्हणून धातूतील छिद्र आणि पोकळीतील त्याच आकाराचा धातूकण यांचे वक्र सारखेच असतात. निव्वळ वक्राला गोलाकार कणांचे प्रतिमान बसवून आकार जाहीर करणे धोक्याचे, ते यासाठीच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थोडे कण प्रत्यक्ष पाहावेत आणि सॅक्सने संपूर्ण नमुन्याची सरासरी घ्यावी, ही जोडी विश्वासार्ह ठरते. इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनच्या प्रखर किरणांनी तर द्रावणात कण वाढत असतानाच त्यांचे वक्र लागोपाठ टिपता येतात.