मेजर कँडी : फौजेतून पाठशाळेत

चिंचवडच्या कारखान्याच्या फाटकावरील मराठी सूचना आपण वाचतो. पण तिच्यातील स्वल्पविराम व पूर्णविराम यांचे ऋण कोणाचे, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. त्या ऋणाचा मोठा वाटा एका परदेशी फौजी अधिकाऱ्याचा आहे.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडात झाला. १८२२ मध्ये कंपनी सरकारच्या फौजेतून ते हिंदुस्थानात आले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशास (१८३१) त्यांनी साह्य केले, आणि मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये तडीस नेला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा कारभारही त्यांच्याकडे होता. शालेय पुस्तकांची भाषा त्यांनी तपासून दिली, व १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले. १८७७ मध्ये ते महाबळेश्वरी निवर्तले.

त्यांच्या मराठीस इंग्रजी वळण होते, हा आक्षेप खोटा नव्हे. शिवाय ते राज्यकर्त्यांपैकी होते, हेही विसरता येत नाही. तथापि परभाषा शिकून तिचीच सेवा करण्यात त्यांनी हयात वेचली, हेही तितकेच खरे.

आज पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात पोटासाठी परप्रांतीय येतात. त्यांच्यातील कोणी मोडकी मराठी बोलू लागला, तर आपण त्यास हसणार, की शिकविणार?