सुट्टीतले हात आणि संग्रहालयाची नोंदवही

उत्तर हिंदुस्थानात ज्या वास्तूस लोक आजही 'अजायबघर' वा 'जादूघर' म्हणतात, तेथे आपण मंडळी जातो ती बहुधा गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन. तासाभरात तलवारी, नाणी, मूर्ती नजरेखालून घालतो आणि बाहेर येऊन चहा घेतो. ती तलवार कोणी पुसली, तिच्या मुठीखाली बारीक अक्षरात क्रमांक कोणी घातला, शेजारची चिठ्ठी कोणी लिहिली, हा विचार सहसा मनात येत नाही. हे काम करणाऱ्यांत उन्हाळ्याच्या सुट्टीत थोड्याशा मानधनावर राबणारे विद्यार्थी बरेच असतात. आमच्या नोकरीतील बदल्यांच्या ओघात काही वर्षे गुजरातेत काढण्याचा योग आला आणि हा वर्ग आम्हांस जवळून पाहावयास मिळाला. त्यांच्याविषयी लिहावयाचे तर प्रारंभ बडोद्यापासूनच करावा लागेल.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला, ही कथा आपल्या वाचकांस सांगावयास नको. १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या या राजाने संग्रहालयाकडेही शाळा म्हणूनच पाहिले. कमाटीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये तयार होती. पण युरोपातून यावयाची चित्रे महायुद्धामुळे अडकली आणि ती लोकांस खुली झाली १९२१ मध्ये. ईजिप्तची ममी, अस्थिपंजर, मोगल चित्रे, युरोपीय तैलचित्रे असा सारा पसारा तेथे एका छपराखाली नांदतो. काही विद्वानांस हे कडबोळे वाटते. आम्हांस मात्र त्यात शहाणपण दिसते. ज्या प्रजेने राज्याची सीमा ओलांडली नव्हती, तिच्यासाठी जग दाराशी आणून ठेवण्याचा तो प्रयत्न होता.

पुढे हर्मन गोएट्झ या जर्मन पंडिताच्या देखरेखीखाली या संग्रहालयास शास्त्रीय शिस्त लागली. १९४९ साली बडोद्यास विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५२ मध्ये त्याने संग्रहालयशास्त्राचा विभाग उघडला. हा या देशातील या विषयाचा आद्य विभाग. बडोद्याजवळ अकोटा येथे जैन धातुमूर्तींचा प्रसिद्ध साठा सापडला, तोही याच सुमारास. अशा मूर्ती हाताळण्याचे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. म्हणूनच या विषयाच्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष संग्रहालयात काम करावे लागते, आणि सुट्टी लागली की कित्येक जण जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहानशा संग्रहालयांची वाट धरतात. अलीकडे इतिहासाचे, वाणिज्याचे विद्यार्थीही त्यांत असतात.

हे काम दिसते तितके हलके नाही. मे महिन्याचा गुजराती उन्हाळा, साठवणीच्या खोलीत पंखाही बेताचाच. कारण वाऱ्याने सुटे कागद उडतात. धातूच्या वस्तूस उघडा हात लावावयाचा नाही, कारण घामातील क्षार तांब्यापितळेस खातात. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती वस्तू तत्काळ वेगळी काढावयाची. तो या धातूचा रोग आहे आणि दमट हवेत तो वाढतच जातो. क्रमांक घालावयाचा तो वस्तूच्या दर्शनी भागी नव्हे. प्रथम रंगहीन लाखेचा बारीक थर द्यावयाचा, त्यावर शाईने आकडे, त्यावर पुन्हा एक थर. म्हणजे उद्या क्रमांक बदलावा लागला तर मूळ वस्तूस ओरखडा न उमटता तो पुसता येतो. आणि मग नोंदवही. वस्तू काय, कशाची, किती लांबरुंद, कोणाकडून आली, केव्हा आली. यांतील शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे आणि बहुतेक ठिकाणी तेच कोरे! कोठून आली हे ठाऊक नसलेली तलवार म्हणजे केवळ लोखंड, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशाच एका लहान संग्रहालयात एका उन्हाळ्यात तीन विद्यार्थी जुन्या नोंदी तपासत होते. दोघे गुजराती, तिसरी चार पिढ्या गुजरातेत रुजलेल्या मराठी घरातील मुलगी. तिच्या वडिलांशी आमचा घरोबा होता. मुलीने सुट्टीत बँकेच्या परीक्षेचा शिकवणी वर्ग लावावा, अशी त्यांची इच्छा. जुनी भांडी घासून पोट भरत नाही, असे ते आमच्यापाशी चिडून बोलले, आणि परमुलखात संसार उभा करणाऱ्या माणसाचे ते बोलणे आम्हांस अगदीच गैर वाटले नाही. मुलगी मात्र गेली.

तिच्या हाती एक पितळी भांडे आले. नोंदवहीत ते 'फुलदाणी' म्हणून लिहिलेले. तिने पाहताच सांगितले की हे मापटे आहे. आजीच्या डब्यात असेच एक पडलेले असते. चिपटे, मापटे, अधोली, पायली ही आपली धान्याची मापे. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि ती हळूहळू बाजारातून उठून फडताळात गेली. बरोबरीच्या मुलांस हे शब्दच नवे होते. त्यांनी भांडे उलटे केले, तर बुडाशी अक्षरे कोरलेली. मोडी! तिघांपैकी कोणालाही ती वाचता येईना. तिच्या वडिलांनाही येईना.

गावात महसूल खात्यातून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेले एक मराठी गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना घरी मोडी शिकविली होती. त्यांनी भिंग लावून अक्षरे लावली: मालकाचे नाव आणि सातारा प्रांतातील एका गावाचे नाव. ज्या घराण्याने ते भांडे दिले होते, ते गायकवाडी फौजेबरोबर आले एवढीच त्यांच्या घरची समजूत. मूळ गाव पार विसरलेले. ते या मापट्याच्या बुडाशी होते. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या माळ्यांवरही अशी काही भांडी आणि रुमालात बांधलेले कागद असतील. बदली झाली की सामान कमी करण्यासाठी प्रथम तेच रद्दीत जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ती मुलगी उरलेली सुट्टी दुपारी संग्रहालयात आणि संध्याकाळी त्या गृहस्थांच्या ओसरीवर काढू लागली. प्रथम अक्षरे, मग जोडाक्षरे, मग आकडे. पावसाळ्यापर्यंत तिला नावे आणि रकमा वाचता येऊ लागल्या. सबंध पत्र मात्र अजून लागत नव्हते. एके संध्याकाळी तिचे वडील तिला आणावयास म्हणून गेले आणि तासभर तेथेच बसून राहिले.

नोंदवहीतील मजकूर खोडावयाचा नसतो. हा नियम सरकारी कचेरीप्रमाणेच येथेही पाळतात, याचे आम्हांस बरे वाटले. 'फुलदाणी' या शब्दावर लाल शाईची एक सरळ रेघ मारली गेली, वर 'मापटे, पितळी, मोडी लेखासह' असे लिहिले गेले, कोठून आली या रकान्यात गावाचे नाव पडले आणि समासात तारीख व त्या मुलीची आद्याक्षरे.